सहा ओळी कोणाच्या

जनीन होलरॉइडला चांगली बातमी पचत नसे. नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाल्याचं पत्र विद्यापीठाकडून आलं, तेव्हा तिने ते तीनदा वाचलं आणि मनाशी ठरवून टाकलं की हे दुसऱ्याच कोणाचं तरी आहे. तिच्या हॅलिफॅक्स शहरात होलरॉइड आडनावाची माणसं ढिगाने. त्यातली एखादी शिकलेली, तरुण जनीन असेल, तिचं पत्र चुकून आपल्या दारातून आत पडलं असेल.

तिचं वय शेहेचाळीस. सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. गणिताच्या परीक्षेला ती बसली होती, पण निकाल आणायला गेली नव्हती. वयाच्या विसाव्या वर्षापासून ती वृद्धाश्रमांत काम करत होती. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. पदवीआधी एक पायाभूत वर्ष करायचं, त्यात जीवशास्त्र, हिशेब आणि निबंध लिहायला शिकायचं, ते जमलं की पुढची तीन वर्षं खऱ्या नर्सिंगची. शाळेत काही न कमावलेल्यांसाठीच ही वाट आहे, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. जनीनला त्यातही काळंबेरं दिसलं.

"एवढे दयाळू कधीपासून झाले हे?" तिने नवऱ्याला विचारलं.

क्रेग बसडेपोत मेकॅनिक होता. पुसलेले हात पुन्हा पुसत तो म्हणाला, "अगं, आजकाल कोणालाही घेतात. वर्ग भरायचे असतात त्यांना."

तो सहज बोलून गेला. तिच्या मात्र ते मनात रुतून बसलं.

वर्गात एकतीस जण होते. जनीन मागच्या बाकावर, दाराजवळ बसायची. कोणी काही विचारलं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग उत्तर द्यायची. पंचविशीतल्या मुली तिला कॉफी प्यायला बोलवत. तिला वाटे, यांना आपल्या बोलण्याची गंमत बघायची आहे. पण तिचा खरा डोळा होता तो पहिल्या बाकावरच्या रुतेंडो मुतासावर.

रुतेंडो झिंबाब्वेची. एकोणचाळीस वर्षांची, हडर्सफील्डमध्ये पंधरा वर्षं राहिलेली, तीही वृद्धाश्रमातच काम केलेली. खरं तर दोघींचं जमायला हवं होतं. पण रुतेंडो कोणात मिसळत नसे. बाई शिकवायला लागल्या की शब्दन् शब्द उतरवून घ्यायची, जेवणाच्या सुट्टीत गाडीत जाऊन काचा वर करून एकटीच खायची आणि बरोबर घंटेला परत यायची. कोणाला निरोपाचं "येते हं" नाही की हसणं नाही.

"आतल्या गाठीची आहे ती," जनीनने घरी जाहीर केलं. "बघत असते नुसती. ऐकत असते."

"तूही तेच करतेस की," तिची मुलगी कीली म्हणाली.

"मी वेगळी," जनीन म्हणाली, आणि विषय संपला.

नाताळाआधी पहिला निबंध परत आला. नापास. निबंध शिकवणाऱ्या हिलरी क्रॅबट्री बाईंनी खाली लिहिलं होतं, "यात तुम्ही कुठे आहात? पुस्तकातली वाक्यं मला माहीत आहेत." जनीनने तो कागद चार घड्या करून पर्समध्ये कोंबला. दुसऱ्या निबंधाच्या वेळी बाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"जनीन, तुमच्या हाताला काय येतं ते सांगा. ज्यात तुम्हाला कोणी शिकवू शकणार नाही, असं एखादं काम."

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला येतं," जनीन म्हणाली. "माझ्या हाताखालच्या माणसाला पडून राहिल्याने होणारी जखम, बेडसोर, कधी झालेली नाही."

"मग तेच लिहा."

तिने लिहिलं. लायब्ररीत बसून, दोन बोटांनी, पंधरा दिवस. आणि ते लिहिताना पहिल्यांदाच तिला वाक्यं शोधावी लागली नाहीत. निबंध दिला त्या दिवशी ती घरी जाताना बसमधून दोन थांबे आधीच उतरली आणि चढण पायी चढली, इतकं तिला हलकं वाटत होतं.

दहा दिवसांनी गुणांऐवजी ईमेल आला. तुमच्या निबंधातला काही भाग याच वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधाशी जवळजवळ शब्दशः जुळतो; बुधवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे हजर राहावे; हवे असल्यास सोबत एक व्यक्ती आणता येईल. खाली तो भाग पिवळा करून दिला होता. सहा ओळी. दुसऱ्याचं नाव दिलेलं नव्हतं.

नावाची गरजच काय होती? जनीनला आठवला मार्चमधला तो सोमवार. लायब्ररीत तिला कीलीचा फोन आला होता. ती तशीच बाहेर गेली होती, कॉम्प्युटर चालू ठेवून. परत आली तेव्हा तिच्या खुर्चीत रुतेंडो बसली होती. "मला वाटलं कोणी नाही," एवढं बोलून ती उठून गेली होती.

संध्याकाळी तिने क्रेगसमोर सगळं मांडलं. तो बटाटे सोलत होता. त्याने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "तू नाहीस ना कुठून घेतलंस? चुकून वगैरे?"

जनीनने बटाट्यांचं भांडं बाजूला सरकवलं.

"तेवीस वर्षं एका छपराखाली राहतोय आपण. हे विचारलंसच कसं तू?"

"विचारलं फक्त. ते लोक विचारणारच ना."

"ते लोक विचारू देत. तू का विचारतोस?"

त्या आठवड्यात दोघं एकमेकांशी मीठ दे, चावी कुठाय, एवढंच बोलले. बुधवारी क्रेग सुट्टी काढून सोबत यायला निघाला तेव्हा तिने त्याला दारातच अडवलं. "तू डेपोत जा. मी माझी बघते."

समितीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर रुतेंडो आधीच येऊन बसली होती, चर्चला जाताना घालतात तसा निळा कोट घालून. जनीन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा.

"वाटलंच होतं मला, तुम्हीच असणार," रुतेंडो समोर बघत म्हणाली.

"तुम्हाला वाटलं होतं? वा! माझ्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?"

"आणि माझी वही एक दिवस घरी कोणी नेली होती?"

जनीन चपापली. ते खरं होतं. दोघींच्या वह्या एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. तिने चुकून उचलली होती, दुसऱ्या दिवशी परत केली होती, आत एक पानही उघडून पाहिलं नव्हतं. पण हे सांगितलं तर आपल्याला तरी पटलं असतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"मी उघडली नाही ती," ती म्हणाली.

"मीही तुमचं काही वाचलं नाही."

दार उघडलं आणि दोघींनाही आत बोलावलं. एकत्र चालेल का, असं विचारलं. दोघी एकदमच "चालेल" म्हणाल्या. दुसरीला आपल्या पाठीमागे बोलू द्यायची कोणाचीच तयारी नव्हती.

आत तिघं होती. समितीचे प्रमुख लँगडेल, उंच, थकल्या आवाजाचे, क्रॅबट्री बाई, आणि टिपणं घेणारी एक मुलगी. लँगडेलनी पान पुढे सरकवलं.

"मिसेस होलरॉइड, या ओळी कुठून आल्या?"

"माझ्या डोक्यातून."

"बाकीचा निबंध जरा अडखळत लिहिलेला आहे. या सहा ओळींची भाषा निराळी आहे. एकदम घट्ट. म्हणून विचारतो."

जनीनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. म्हणजे आपल्यासारखीला घट्ट लिहिता येत नाही. लँगडेलनी रुतेंडोला तोच प्रश्न केला. ती म्हणाली, "हे मला पाठ आहे."

"कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही."

लँगडेलनी चष्मा लावला आणि मजकूर वाचायला सुरुवात केली, बातम्या वाचाव्यात तसा, सपाट. "टाच आधी बघ. टाच कधी तक्रार करत नाही. लाल दिसलं तर बोटाने दाब आणि तीनपर्यंत मोज बोट काढल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर…"

"असं नाही वाचायचं," जनीनच्या तोंडून निघून गेलं. "मोजून झाल्यावर थांबायचं असतं."

आणि त्याच क्षणी शेजारून रुतेंडो पुटपुटली होती, "थांबा तिथे."

दोघी एकमेकींकडे वळल्या, आणि जनीनच्या मनात पहिला विचार आला तो असा की, चोरी करून वर किती तयारीची आहे ही बाई!

क्रॅबट्री बाई पुढे झुकल्या. त्यांनी वहीतले दोन कोरे कागद फाडून घेतले, एक जनीनला दिला, दुसरा रुतेंडोला, आणि एकीला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं. "निबंधात सहाच ओळी आहेत. त्यांच्यापुढे काही येतं का? येत असेल तर लिहा. आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं, त्यांचं नाव लिहा. बोलू नका."

जनीनला पुढचं येत होतं. निबंधात तिने ते घातलं नव्हतं, कारण ते अभ्यासाचं वाटत नव्हतं. तिने लिहिलं: टाच बघून झाली की तोंडाकडे बघ आणि नाव घेऊन हाक मार. खाली नाव लिहिलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं नाव.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग न बोलता लँगडेलकडे सरकवले. त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि चष्मा काढला.

दोन्ही कागदांवर तेच वाक्य होतं. दोन्ही कागदांच्या खाली एकच नाव होतं: सिस्टर नूला डेव्हनी. फक्त रुतेंडोच्या कागदावर आणखी एक ओळ होती.

"तुम्ही दोघींनी एकत्र काम केलंय कधी?" लँगडेलनी विचारलं.

"यांना मी या वर्गात पहिल्यांदा पाहिलं," रुतेंडो म्हणाली.

जनीन म्हणाली, "सिस्टर डेव्हनी माझ्या पहिल्या वृद्धाश्रमात मुख्य नर्स होती. आयर्लंडची. रोज सकाळी ड्युटी बदलताना आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करायची आणि हे म्हणवून घ्यायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. मी वीस वर्षांची होते. आम्ही चेष्टा करायचो तिची." ती रुतेंडोकडे वळली. "पण तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. ती तर केव्हाच निवृत्त झाली असेल. तुम्हाला कुठे भेटली?"

"अंथरुणात," रुतेंडो म्हणाली.

मग तिने सांगितलं. हडर्सफील्डच्या वृद्धाश्रमात ती ज्या मजल्यावर होती तिथे सिस्टर डेव्हनी रहिवासी म्हणून आल्या. कंबरेखाली हालचाल नाही, पण तोंड चालू. पहिल्याच दिवशी रुतेंडो कूस बदलायला गेली तर त्यांनी हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, आधी टाच." दोन वर्षं रोज, आपल्याच टाचेवर, त्यांनी तिला ते शिकवलं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"आणि ही शेवटची ओळ?" क्रॅबट्री बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "'काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताची मागची बाजू लाव; गरम आणि टणक लागतंय का बघ.' हे मिसेस होलरॉइडच्या कागदावर नाही."

"ते नंतरचं आहे," रुतेंडो म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात ऊब आली. "मी एकदा त्यांना म्हटलं, सिस्टर, हे तुमच्या टाचेवर चालतं. माझ्या टाचेवर लाल काय आणि पांढरं काय? त्या रागावल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुझा पाय इकडे आण. मी म्हटलं, सिस्टर, कोणी बघितलं तर? त्या म्हणाल्या, दार लाव. माझ्या घोट्याला हात लावून बघितलं बराच वेळ. मग ही ओळ घातली. म्हणाल्या, चाळीस वर्षं मी अर्धंच शिकवत होते."

टिपणं घेणारी मुलगी लिहायची थांबली होती.

"आणि आता?" जनीनने विचारलं. तिच्या डोक्यात आत्ता कुठे एक शंका टोचायला लागली होती. "तुम्ही सगळं भूतकाळातच सांगताय मघापासून."

"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली," रुतेंडो म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

जनीनने मान हलवली. तिला पाणी हवंय का, असं कोणीतरी विचारलं. ती नको म्हणाली.

निकाल तिथेच लागला नाही. नियमाप्रमाणे चार दिवसांनी पत्र आलं. दोघींनी एकमेकींची नक्कल केलेली नाही, हे समितीला मान्य होतं. पण दुसऱ्याच्या तोंडचे शब्द घेतले तर त्याचं नाव द्यावं लागतं, मग तो माणूस प्राध्यापक असो की अंथरुणावरची म्हातारी. त्यामुळे संदर्भात सिस्टर डेव्हनींचं नाव आणि साल घालून निबंध पुन्हा द्यायचा होता. जनीनला ते सगळ्यात जास्त पटलं. तिने टाइप केलं: डेव्हनी, नूला, तोंडी शिकवण, १९९८. त्याआधी आयुष्यात तिने इतकं न्याय्य काही लिहिलं नव्हतं.

पण त्या बुधवारी, खोलीतून बाहेर पडल्यावर, दोघी पुन्हा त्याच बाकापाशी उभ्या राहिल्या.

"मला वाटलं होतं तुम्ही चोरलंत," जनीन म्हणाली.

"मलाही तेच वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतंय," रुतेंडो म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. "सवय आहे. मी जिथे काम केलं तिथे काही हरवलं की आधी माझी पिशवी बघायचे. म्हणून मी कोणाच्या जवळ बसत नाही. जवळ नसलं की आळही येत नाही."

जनीनला गाडीच्या वर केलेल्या काचा आठवल्या. तिने त्यांचा काय काय अर्थ लावला होता! "तुझ्याकडे खायला काय आहे?" तिने विचारलं, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

गाडीत त्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खात बसल्या. बाहेर भुरभुर पाऊस, काचांवर वाफ. रुतेंडो सांगत होती, शेवटच्या महिन्यांत सिस्टर डेव्हनींना सगळ्यांचा संशय यायचा. सपाता सापडल्या नाहीत की रुतेंडोने नेल्या. वरिष्ठांकडे रीतसर तक्रार केली होती, सही करून. सपाता त्यांच्याच उशीखाली निघाल्या.

"मग?"

"मग काय! मला म्हणाल्या, तूच परत ठेवल्यास."

जनीन इतकी हसली की दाणा घशात अडकला. मग हसू ओसरलं आणि ती जे कोणाला, क्रेगलाही, बोलली नव्हती ते बोलली. चोविसाव्या वर्षी सिस्टर डेव्हनीने तिला ऑफिसात बोलावलं होतं. समोर एक फॉर्म ठेवला. नर्सिंगला जा, म्हणाली, मी शिफारस लिहिते, तुझं डोकं इथे वाया चाललंय. जनीनला वाटलं, ही मला इथून घालवायला बघतेय. तिच्या कोणा भाचीला माझी जागा हवी असणार. तिने फॉर्म तसाच टेबलावर ठेवला, महिन्याभरात दुसरीकडे नोकरी धरली आणि निरोपही घेतला नाही.

"भाची होती का खरंच?" रुतेंडोने विचारलं.

"मी कधी चौकशी केली नाही. बावीस वर्षं मी धरूनच चालले होते."

जनीनने काचेकडे बघत विचारलं, "माझं नाव घेतलं का गं तिने कधी?"

रुतेंडोने हातातली शेंग खाली ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर तरी नाही."

जनीनने मान डोलावली. ते उत्तर तिला बोचलं, पण त्याच उत्तरामुळे ही बाई खोटं बोलत नाही याची तिला खात्री पटली.

घरी गेल्यावर तिने क्रेगला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मी विचारायला नको होतं."

"नकोच होतं," ती म्हणाली. "पण मी तरी काय केलं? मी तर विचारलंही नाही. ठरवूनच टाकलं." आणि तिने आठवड्याभरात पहिल्यांदा त्याच्यासाठीही चहा ओतला.

रुतेंडोकडे सिस्टर डेव्हनींच्या नातलगाचा पत्ता होता. सामान बांधून तिनेच आयर्लंडला पाठवलं होतं. मेयो परगण्यातली एक भाची. तिथेच त्यांना पुरलं होतं. जनीनने पत्र लिहिलं, स्वतःची ओळख दिली, दोन शब्द शोकाचे लिहिले आणि सिस्टरची कबर नेमकी कुठे आहे ते विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चारच ओळी. मावशीचं इथे काही उरलेलं नाही, घर आधीच विकलं आहे, तुमचं नाव आमच्या ऐकण्यात नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय?

जनीनने ते रुतेंडोला वाचून दाखवलं. रुतेंडो भडकली. "एवढं चांगलं पत्र लिहिलंस, आणि हे?"

"अगं, मीही हेच लिहिलं असतं," जनीन म्हणाली. "शब्दशः."

त्या तेव्हा जीवशास्त्राच्या फेरपरीक्षेचा अभ्यास करत होत्या. जनीन त्यात सात गुणांनी नापास झाली होती आणि रुतेंडो तिला मूत्रपिंड समजावत होती, ताटलीत राजमा मांडून. औषधाच्या मात्रेचे हिशेबही तिनेच शिकवले. "मी शिकवते म्हणून का बघतेस अशी माझ्याकडे?" ती मध्येच विचारायची. "मला काही नको आहे तुझ्याकडून."

"बघत नाहीये. समजून घेतेय," जनीन म्हणायची. बघत मात्र असायची. इतक्या वर्षांची खोड एका उन्हाळ्यात जात नाही.

फेरपरीक्षेत ती पास झाली. पायाभूत वर्षातून पुढे गेलेल्या तेवीस जणांच्या यादीत दोघींची नावं होती. यादी लागली त्या दुपारी जनीन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि मेयोच्या भाचीला दुसरं पत्र लिहायला घेतलं. या वेळी तिने सगळं लिहिलं. रांगेत उभं राहून म्हणायच्या ओळी, ऑफिसातला फॉर्म, न घेतलेला निरोप, आणि तुमच्याबद्दल मी बावीस वर्षं जे धरून चालले तेही. मला काही नको आहे, तिने लिहिलं. फक्त तिला सांगायचं राहिलं होतं की मी शेवटी नर्सिंगला गेले.

उत्तर ऑगस्टच्या शेवटी आलं, आणि ते चांगलं सहा पानांचं होतं.